चार नंबरच्या ताना

"बाई, त्या ताना माझ्या न्हाईत," गौरक्का म्हणाल्या. पिशवीतून काढलेला हार माझ्या हातात तसाच राहिला.

मी दुधनीला त्यांच्या घरी आनंदाची बातमी घेऊन गेले होते. आमच्या सोलापूरच्या संगीत मंडळाने वर्षातलं सर्वोत्तम शास्त्रीय ध्वनिमुद्रण म्हणून त्यांच्या 'पूरिया' रागाची निवड केली होती. निवड करणाऱ्या तिघांत मी एक. अक्का पंच्याहत्तरीच्या पुढच्या, सगळा जिल्हा ज्यांच्या गाण्याला मान देतो अशा. बातमी ऐकून त्या काय म्हणतील, मी त्यावर काय लिहीन, हे सगळं गाडीत बसून रंगवून झालं होतं. उत्साहाच्या भरात मी बोलून गेले, "अक्का, नावं झाकून नुसते नंबर लावले होते, पण तुमचा चार नंबर सुरू झाला आणि आम्ही तिघंही सावरून बसलो. त्या शेवटच्या ताना तर काय सांगू. ह्या वयात एवढा दमसास."

त्यावर त्या वरचं वाक्य बोलल्या.

मला वाटलं, हा विनय असेल. मोठे कलाकार म्हणतात ना, हे माझं नाही, गुरूंचं आहे. मी हसून तसं म्हटलंही.

"गुरूच्या कुटल्या? गुरू जाऊन लई वर्सं झाली," अक्का म्हणाल्या. "त्या रेकॉर्डीत तितं जो आवाज हाय, तो माझ्या गळ्यातला न्हाई. येवढंच म्हन्ते मी."

त्या अगदी साधेपणाने बोलत होत्या, आज भाजी कुठली आणली ते सांगावं तशा. मला मात्र ते फार महागात पडणार होतं. का, ते कळायला आमची निवड कशी होते ते आधी सांगायला हवं.

मी सोलापूरच्या एका दैनिकात संगीतावर लिहिते. समीक्षक म्हणजे फुकटच्या पासवर पहिल्या रांगेत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी खोड्या काढायच्या, असं लोकांना वाटतं. ते फारसं खोटं नाही. पण वर्षातून एकदा मंडळाचं हे काम येतं आणि ते मी मनापासून करते. ह्या पुरस्काराला मानपत्र आहे, शाल आहे, पण त्याची खरी किंमत वेगळीच आहे. ज्याची निवड होते त्याला मंडळाच्या वार्षिक संगीत सभेत संध्याकाळची बैठक मिळते. ऐकायला भरलेलं सभागृह आणि बाहेरगावचे चार आयोजक. त्या एका बैठकीवर पुढची आमंत्रणं ठरतात.

पूर्वी सीडी यायच्या. आता लिंक येतात. कंपन्या पाठवतात, कलाकार स्वतःही पाठवतात. मंडळाच्या ऑफिसात नावं काढून टाकतात आणि प्रत्येक मुद्रणाला नंबर देतात. कोण गातंय ते परीक्षकाला कळू नये हा हेतू. हेतू चांगला आहे, पण ख्याल ऐकण्यात जन्म गेलेल्या माणसाला पहिला आलाप कानावर पडताच गाणारा ओळखू येतो. नाव झाकता येतं, आवाज कोण झाकणार? आम्ही ओळखायचो आणि न ओळखल्यासारखं दाखवायचो. ही आमची रीतच झाली होती.

पहिली फेरी घरी ऐकायची असते. एकेक मुद्रण तासाभराचं, आणि अशी ढीगभर. मग प्रत्येक जण एक वाट काढतो. सुरुवातीचा संथ भाग, म्हणजे विलंबित, थोडा ऐकायचा. तिथून उडी मारून शेवटच्या जलद भागात, द्रुतात, डोकवायचं. कलाकार समजला असं मानायचं आणि पुढे जायचं. देशभर अशीच निवड होत असावी असा मला दाट संशय आहे, कारण बाहेरगावचे जे जे परीक्षक भेटले ते हे नाकारताना नजर चुकवतात.

सतरा नंबर मी स्वयंपाकघरात मेथी निवडताना ऐकला. राग बागेश्री होता. गाणारी बाई पहिल्याच स्वरात ओळखू आली, म्हणून द्रुतात डोकावलेही नाही. पद्मा, गौरक्कांची शिष्या. भवानी पेठेतल्या विणकर घरातली मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, वडील टॉवेलच्या मागावर कामाला. आता ती मंगळवेढ्याच्या शाळेत संगीत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी दुधनीला अक्कांकडे येते. अक्कांच्या प्रत्येक मैफलीत ती मागे तानपुरा घेऊन बसलेली दिसायची. अक्का दम घ्यायला थांबल्या की ती धागा पकडायची. ह्याला स्वरसाथ म्हणतात. गुरूचा आवाज विसावतो तेव्हा शिष्याने गाणं तोलून धरायचं आणि गुरू परत आला की गुपचूप बाजूला व्हायचं. पद्मा चाळिशीला आली तरी मी तिला पुढे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही तिघं फोनवर बोललो. अध्यक्ष काळेसर, संगीताचे निवृत्त प्राध्यापक, म्हणाले, "सतरा बाद. सगळं अक्कांचंच आहे हो, हिचं स्वतःचं काय?" मी हो म्हटलं. तिसरे परीक्षक रफिकभाई, ज्यांचा सोलापुरात रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, मुद्रणाचा दर्जा बघतात; त्यांनीही हरकत घेतली नाही. बाद झालेल्यांना दिशा मिळावी म्हणून मंडळ दोन ओळींचा अभिप्राय व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतं. पद्माला गेला: "गुरूंच्या गायकीची हुबेहूब नक्कल. स्वतःचा आवाज सापडायला हवा." शब्द सरांचे होते, पण पाठवण्याआधी वाचून मी अंगठ्याचा इमोजी पाठवून होकार दिला होता.

दुसरी फेरी मंडळाच्या खोलीत एकत्र बसून होते. चार नंबर लागला. पूरियाचा जीव खालच्या सप्तकात, आणि अक्कांचा खर्ज म्हणजे जमिनीखालून येणारा आवाज. काळेसरांनी डोळे मिटून हात जोडले. नाव झाकलं होतं, नमस्कार झाकलेला नव्हता. गाणं वर चढलं, द्रुत आलं, ताना सुरू झाल्या. एका श्वासात तीन सप्तकं, आणि प्रत्येक स्वर वेगळा दिसतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी लपवत नाही.

रफिकभाईंनी मात्र मान तिरकी केली. "सर, हितं मेरेकू कुछ अलग लगता. आवाज एकदम माईकजवळ आलाय. पंच केलेलं दिसतंय."

पंच म्हणजे गाणं मधे थांबवून एखादा तुकडा पुन्हा गाऊन घ्यायचा आणि जिथल्या तिथे जोडायचा. हल्ली सगळे करतात. त्यात काही पाप नाही.

"रफिकभाई, तुम्ही मशीन ऐकता. आम्ही गाणं ऐकतो," काळेसर म्हणाले. मी हसले. रफिकभाईही हसले.

निवड झाली. मंडळाचा शिरस्ता असा, की जाहीर करण्याआधी एका परीक्षकाने कलाकाराच्या घरी जायचं, हार-नारळ द्यायचा आणि होकार घ्यायचा. म्हणून मी दुधनीला.

"मग कोणाच्या आहेत त्या ताना?" मी विचारलं. उत्तर मला कळून चुकलं होतं, तरी विचारलं.

"पद्माच्या," अक्का म्हणाल्या. "मला दम्यानं धरलंय. खालचं सगळं मी गायले. वर जायला लागले की खोकला. त्या कंपनीचा मानूस घड्याळ बघत हुता. म्हनला, अक्का, तुमी बसा, मागं ती हाय ती गाऊ दे, बघू कसं जमतंय. ती माझा माईक घेऊन गायली. मी म्हनले, छापताना तिचं नाव घाल बाबा. हौदु हौदु, व्हय व्हय म्हनला. रेकॉर्ड आली तर नाव न्हाई. फोन केला तर म्हन्तो, दोन नावं घातली की लोक इचारतात, कुटला भाग कुनाचा."

"तुम्ही काहीच केलं नाहीत?"

"काय करू? कंपनीनं परस्पर तुमच्याकडं धाडली ते बी आत्ता तुमच्या तोंडून कळतंय. मला वाटलं, आपल्या सोलापूरच्या जाणत्या लोकांस्नी तर ऐकून कळंल."

हे त्या टोमण्याने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

तेवढ्यात पद्मा चहा घेऊन आली. सुट्टीचा दिवस होता, ती आत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने माझ्यासमोर कप ठेवला. अक्कांनी मला विचारलं, "हिनं बी धाडलं हुतं की येगळं, शाळेत रेकॉर्ड करून. बागेश्री. त्याचं काय केलं तुमी?"

मी कप उचलला. मी म्हटलं, "ते पहिल्या फेरीत..."

पद्मानेच उत्तर दिलं. पाठ असल्यासारखं. "गुरूंच्या गायकीची हुबेहूब नक्कल. स्वतःचा आवाज सापडायला हवा." मग कपाची बशी सरळ करत म्हणाली, "सापडला की म्याडम तुमाला. चार नंबरात."

आवाजात राग नव्हता. मी आयुष्यभर लोकांच्या गाण्यावर शेरे लिहिले, असा शेरा मला कुणी मारला नव्हता. कान म्हणून जे काही मी इतकी वर्षं डोक्याच्या दोन बाजूंना मिरवत होते, ते कुठल्या कामाचं, असं झालं. एकाच गळ्याला आम्ही एका हाताने बाहेर काढलं होतं आणि दुसऱ्या हाताने हार घालायला निघालो होतो.

अक्कांना ह्या अभिप्रायाची कल्पना नव्हती. पद्माने त्यांना सांगितलंच नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. "नक्कल म्हनून कुनी लिवलं?"

"आम्ही तिघांनी."

"माझ्याम्होरं येवढी वर्सं बसून ती माझ्यासारखं गाणार न्हाई तर कुनासारखं गाईल? आनि माझ्या नावाखाली तिनं गायलं तर ते तुमाला ग्वाड लागलं." त्यांना खोकल्याची उबळ आली. पद्मा पाठ चोळत बसली. खोकला थांबल्यावर अक्का म्हणाल्या, "हार ठेवा तितं. मी घालत न्हाई. हिला एक डाव पुढं बसवा, मग मी येते. आनि काय झालंय ते तुमच्या पेपरात छापा."

"छापायचं नाही," पद्मा पटकन म्हणाली. "म्याडम, एक ओळ जरी आली तर मी गाणं सोडते. अक्कांची ही शेवटची रेकॉर्ड हाय. लोक म्हणतील, म्हातारीनं फसवलं. त्यांनी कुणाला फसवलं न्हाई."

दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि मधे मी, हातात हार घेऊन. शेवटी अक्कांनी मान खाली घातली. पेपरात काही आलं नाही. आज लिहिते आहे तेही सगळी नावं बदलून, पद्माला वाचून दाखवून.

सोलापूरला परतल्यावर मी काळेसरांना आणि रफिकभाईंना मंडळात बोलावलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अशक्य. अक्कांचा आवाज मी झोपेतही ओळखीन."

रफिकभाईंनी बॅग पुढे ओढली. त्यांनी लॅपटॉप उघडला, चार नंबरच्या द्रुतातला वरच्या 'सा'वरचा एक तुकडा घेतला, सतरा नंबरच्या द्रुतातला तसाच एक घेतला, दोन्ही राग ओळखू येऊ नये इतके छोटे, दोन्हींची पट्टी जुळवली आणि कोणता कोणता ते न सांगता आलटून पालटून लावले. "सांगा सर, अक्का कुठल्या?"

"हा," सर एका तुकड्यावर ठामपणे म्हणाले. "बघा, हा भारदस्तपणा नक्कल करून येत नाही."

"हे सतरा हाय, सर. पद्माची बागेश्री."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुन्हा लावा," म्हणाले. पुन्हा लावलं. ह्या वेळी त्यांनी बोट दाखवायला हात उचलला आणि परत खाली घेतला. त्यांचा चेहरा मला बघवेना. गाण्यावर ज्यांचा शब्द सोलापुरात शेवटचा मानतात, ते एखादा परका माणूस घरात आढळावा तसे त्या लॅपटॉपकडे बघत होते.

मग मी सतरा नंबर पूर्ण लावायला सांगितला. पहिल्यांदाच आम्ही तो पूर्ण ऐकला. नक्कल फक्त सुरुवातीला होती. शिष्याने आधी गुरूच्या दारात नमस्कार करावा तसा तो विलंबितातला पहिला भाग. पुढे पद्मा स्वतःच्या वाटेने गेली होती. तिचा मध्यम, म्हणजे 'म' हा स्वर, अक्कांच्या मध्यमापेक्षा वेगळा होता, जास्त एकटा. ते आम्हाला कळलं असतं, पण तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. मी तर मेथी निवडत होते.

"सर, हिला परत घेऊ या," मी म्हटलं.

"नियमात बसत नाही. बाद झालेलं एक परत घेतलं तर बाकीचे विचारतील, आमचं का नाही?"

"मग सगळीच परत ऐकू या. पूर्ण."

"सगळीच?" सर म्हणाले. आपण काय बोलून गेलो ते मलाही उशिरा कळलं. ह्याचा अर्थ आम्ही आधी काहीच ऐकलं नव्हतं असा होत होता, आणि तो मंडळाला कुठेही लिहून देता येणार नव्हता. "शिवाय," सर हळू आवाजात म्हणाले, "आता ती आपल्याला आवडणारच. आता आपल्याला माहीत आहे ना." हे मात्र खरं होतं.

रफिकभाई लॅपटॉप मिटत म्हणाले, "पहले भी मालूमच था की, सर. म्हणून तर बाद केलं."

त्या वर्षी पुरस्कार दिला गेला नाही. परीक्षकांचं एकमत झालं नाही, असं मंडळाने जाहीर केलं. वास्तविक आमच्या तिघांचं इतकं एकमत आजवर कधी झालं नव्हतं. राहिली ती संध्याकाळची बैठक. मी सरांपुढे अक्कांची अट ठेवली. त्यांनी निम्मी मानली. पत्रिकेत अक्कांचं नाव ठळक छापलं आणि खाली बारीक अक्षरात, स्वरसाथ पद्मा.

सभागृह भरलं होतं. पडदा वर गेला तेव्हा दोघी उभ्याच होत्या. अक्कांनी एक तानपुरा उचलला आणि शांतपणे मागच्या जागेवर जाऊन बसल्या. पद्मा तिथेच घुटमळली. अक्कांनी हनुवटीने पुढची जागा दाखवली. सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांच्या खुर्चीवर काळेसर ताठ बसून होते. ते उठले नाहीत, थांबवायलाही गेले नाहीत. पद्मा पुढे बसली आणि बागेश्री गायली. मी पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ऐकलं. ती तिसऱ्या सप्तकात पोचली तेव्हा मागे अक्का रडत होत्या आणि तानपुरा छेडत होत्या, एकदाही न चुकता. मला वाटलं, आता फिटलं सगळं. आता लोकांना कळलं.

गाणं संपल्यावर माणसं पाया पडायला वर आली. मीही गेले. आमच्या मंडळाचे एक जुने सभासद, दर मैफलीला पहिल्या रांगेत असणारे, पद्माजवळ थांबले.

"छान गायलीस. तयारी आहे," ते प्रेमाने म्हणाले. "फक्त एक कर. अक्कांची ती पूरियाची रेकॉर्ड आहे ना, ती रोज ऐकत जा. त्यातल्या शेवटच्या ताना ऐक. तशा गळ्यातून निघायला तुला अजून वेळ लागेल."

अक्कांनी तोंड उघडलं. पद्माने मागे हात नेऊन त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"व्हय काका," ती म्हणाली, "ऐकते की."

आणि ती तानपुऱ्याला कापडी गवसणी घालायला लागली.

ती रेकॉर्ड अजूनही एकट्या अक्कांच्या नावावर चालते. मागच्याच महिन्यात कुणीतरी मला त्यातल्या ताना पाठवल्या, 'ह्याला म्हणतात गाणं' असं लिहून. पद्मा त्या संध्याकाळनंतर तीन गावांत पुढे बसून गायली. चौथं आमंत्रण अजून आलेलं नाही. मी परीक्षक आहेच. काळेसर आता निकालाच्या वेळी फारसं बोलत नाहीत. मी प्रत्येक मुद्रण आधी शेवटाकडून ऐकते, मग सुरुवातीपासून पूर्ण. मेथी त्यानंतर निवडते.